जाळी आणि रंग : शेटलंडच्या शालीपासून गोल गळपट्ट्यापर्यंत

जाळीदार विणकामात भोके मुद्दाम आणि मोजून पाडायची असतात. सुईवर धाग्याचा एक जादा वेढा घेतला की पुढच्या ओळीत तिथे नवा टाका उभा राहतो आणि त्याच्या पायाशी भोक उरते. टाका वाढला तर त्याची भरपाईही व्हायला हवी, म्हणून त्याच ओळीत कुठे तरी दोन टाके एकत्र विणले जातात. जितके वेढे तितके जोडटाके, असा हा हिशेब आहे. तो चुकला तर कापड एक तर फुगत जाते, नाही तर आवळत जाते.

नक्षी ठरते ती हे दोघे एकमेकांपासून किती अंतरावर आहेत यावर. जोडटाका वेढ्याला लागूनच घेतला तर एक सुटे, नीटस भोक दिसते. तो चार-पाच टाके लांब नेला तर मधले टाके तिरके होतात आणि पानाची शीर किंवा लाटेची कड उमटते. सगळे जोडटाके एका जागी आणि सगळे वेढे दुसऱ्या जागी एकवटले तर ओळच्या ओळ वर-खाली होऊ लागते. जाळीच्या शेकडो नक्ष्या आहेत, पण त्या सगळ्या या दोन क्रियांतून निघालेल्या आहेत. सुलट-उलट येणाऱ्याला त्यात शिकण्यासारखे नवे फार थोडे असते. खरे काम मोजणीचे असते.

रंगीत जाळीत मात्र एक अडचण उभी राहते. भोक दिसते ते आजूबाजूचे कापड एकसारखे असते म्हणून. कापडात ठिपके, डाग, रंगांचे तुकडे भरले की डोळा रंगाच्या मागे जातो आणि भोके हरवतात. दोन रंगांचे धागे एकाच ओळीत आलटून-पालटून विणायची जी पद्धत स्वेटरवरच्या नक्षीत वापरतात, तीही जाळीत चालत नाही. तिथे बिनकामाचा धागा कापडाच्या मागून आडवा जातो आणि जाळीत तो भोकातून सरळ दिसतो. म्हणून जाळीत रंग आणायचा तर तो ओळीओळीने, पट्ट्यांच्या रूपात आणावा लागतो. एका वेळी सुईवर एकच रंग. हा नियम बंधन वाटतो खरा, पण त्यातून काय साधता येते हे स्कॉटलंडच्या उत्तरेच्या शेटलंड बेटांवरच्या बायकांनी दीडशे वर्षांपूर्वीच दाखवून दिले होते, आणि तेही मिरवायच्या शालीत नव्हे, रोजच्या वापराच्या शालीत. आजच्या रंगीत जाळीदार गळपट्ट्याचे घराणे तिथले आहे.

शेटलंड हा सुमारे शंभर लहान-मोठ्या बेटांचा समूह साठाव्या उत्तर अक्षांशाच्या आसपास पसरला आहे. वस्ती यांतल्या मोजक्याच बेटांवर आहे. मुख्य गाव लेरविक. सर्वांत उत्तरेचे वस्तीचे बेट उन्स्ट, आणि बारीक जाळीच्या कामासाठी नाव झाले ते मुख्यतः त्याचेच. १४६९ पर्यंत ही बेटे नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाकडे होती. त्या वर्षी राजकन्येच्या हुंड्यापोटी ती स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण पडली आणि पुन्हा सुटली नाहीत. हुंडा हे संकट आपल्याकडेच आहे असे समजणाऱ्यांनी हा व्यवहार लक्षात ठेवावा. झाडे जवळजवळ नाहीत, वारा बारा महिने, आणि ऐन हिवाळ्यात लेरविकला दिवस सहा तासांचाही नसतो. शेती तुटपुंजी. पुरुष मासेमारीला किंवा दूरच्या व्हेल-शिकारीच्या जहाजांवर जात. घर, गुरे, शेत आणि विणकाम बायकांकडे असे.

इथली मेंढी अंगाने लहान आणि काटक. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिची लोकर मुळाशी आपोआप सैल होते. त्यामुळे पूर्वी ती कातरीने न कापता हाताने उपटून काढत. कापलेल्या तंतूला बोथट टोक येते, उपटलेल्याला येत नाही. सर्वांत मऊ आणि बारीक लोकर मेंढीच्या मानेवरची, आणि जाळीच्या धाग्यासाठी तीच बाजूला काढली जाई. मेंढीच्या गळ्याची लोकर माणसाच्या गळ्यात पडावी हा योगायोग असला तरी सोयीचा आहे. या मेंढ्यांचे रंगही एकसुरी नसतात. पांढरा, काळा, राखाडी, लालसर तपकिरी, फिकट बदामी अशा अनेक छटा आणि त्यांच्यावरचे ठिपके-पट्टे यांना बेटांवरच्या बोलीत वेगवेगळी नावे आहेत. लालसर तपकिरीला ‘मुरिट’ आणि गडद राखाडीला ‘शेला’ म्हणतात. म्हणजे रंगाऱ्याकडे न जाताही विणकरणीच्या टोपलीत पाच-सहा रंग हजर असत. हा मुद्दा पुढे फार कामाचा ठरतो.

शेटलंडमध्ये विणकाम जाळीच्या आधीही काही शतके चालत होते. जाड मोजे विणून ते मासेमारीला येणाऱ्या डच खलाशांना विकले जात. बारीक जाळीचे काम मात्र एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या चतुर्थकात वाढले. लेरविकला जन्मलेले आणि पुढे पी अँड ओ या जहाज कंपनीचे एक संस्थापक झालेले आर्थर अँडरसन यांनी १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाला शेटलंडचे तलम मोजे भेट दिले. राणीने वापरले म्हणजे लंडनने वापरले, हे त्यांना नीट ठाऊक असावे. १८४० च्या आसपास ऑक्सफर्डचे व्यापारी एडवर्ड स्टँडन यांनी शेटलंडच्या शाली इंग्लंडच्या बाजारात आणल्या आणि १८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्या मांडल्याही गेल्या. यांतल्या सर्वांत तलम शाली दोन मीटरच्या आसपास चौरस असूनही लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येत. अशी शाल शुभ्र पांढरी, एकरंगी असे. पुस्तकांतून, संग्रहालयांतून शेटलंडची जाळी म्हणून जी दिसते ती ही. त्यामुळे जाळी म्हणजे पांढरीच, रंग आला की तिचा दर्जा उतरला, असा एक समज विणकाम करणाऱ्यांत रुजला. तो अर्धवट माहितीवर उभा आहे.

या शालींच्या नावलौकिकामागचा व्यवहारही सांगायला हवा. विणकरणींना व्यापारी रोख पैसे क्वचितच देत. शालीच्या बदल्यात दुकानातला माल मिळे, आणि तोही बहुतेक चहा, कापड, फिती अशा स्वरूपाचा. घरात पीठ हवे असेल तर मिळालेला चहा दुसरीकडे देऊन पीठ आणावे लागे. या पद्धतीची सरकारी चौकशी झाली. १८७२ मध्ये विल्यम गथ्री यांनी लेरविक आणि आसपास साक्षी घेतल्या आणि त्यांत विणकरणींच्या तोंडच्या हकिगती सविस्तर नोंदल्या गेल्या. १८८७ मध्ये कायदा कडक झाला, तरी मालावर मजुरी भागवायची रीत पुढेही बरीच वर्षे रेंगाळली. राजघराण्याच्या खांद्यावरची शाल विणणाऱ्या बाईच्या हातात नाणे पडत नव्हते, ही वस्तुस्थिती त्या शालीच्या तलमपणाइतकीच नोंद घेण्याजोगी आहे.

बायका विणत त्या बसूनच असे नाही. पाठीवर जळण म्हणून वापरायच्या मातीची टोपली घेऊन चालता चालता विणत असलेल्या शेटलंडच्या बायकांची जुनी छायाचित्रे पुष्कळ आहेत. हे जमे ते कमरेच्या एका पट्ट्यामुळे. चामड्याची एक लांबट गादी, आत घोड्याचे केस भरलेले आणि वर भोके पाडलेली. उजव्या सुईचे मागचे टोक त्यातल्या एका भोकात खुपसले की सुई स्थिर राहते, तिचा भार हातावर येत नाही आणि बोटे फक्त धागा फिरवायला मोकळी होतात. सुया दोन्ही टोकांनी अणकुचीदार, लांब, लोखंडी असत. हा पट्टा तिथे आजही वापरात आहे आणि त्याने विणणाऱ्यांचा वेग पाहण्यासारखा असतो.

विकायची पांढरी शाल ही एक बाजू. घरात पांघरायची शाल वेगळी. तिला तिकडे ‘हॅप’ म्हणतात. ती जरा जाड धाग्याची, उबदार, बाळाला गुंडाळायला आणि खांद्यावरून घेऊन छातीवर बांधायला सोयीची. मधोमध सगळ्या ओळी सुलट विणलेला साधा चौकोन, त्याच्याभोवती चारी बाजूंनी जाळीचा रुंद पट्टा आणि शेवटी दातेरी काठ, अशी तिची रचना असते. काही विणकरणी काठापासून आत येत, काही मधल्या चौकोनापासून बाहेर जात. चौकोन एकरंगी असे. रंग येत ते भोवतीच्या रुंद पट्ट्यात. पांढऱ्यापासून राखाडीपर्यंत, तिथून काळ्याकडे आणि पुन्हा उलट पांढऱ्याकडे, किंवा बदामीपासून मुरिटपर्यंत, अशा छटा पायरीपायरीने लावल्या जात. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना पहिला कृत्रिम रंग, तो प्रसिद्ध जांभळा, हाती लागला आणि त्यानंतर रासायनिक रंग स्वस्त होत गेले. तेव्हापासून या पट्ट्यांत लाल, निळे, हिरवेही दिसू लागले. आजचा रंगीत गळपट्टा हा या शालीचा चौकोन वजा करून उरलेला भोवतीचा पट्टाच आहे, फक्त गोल जोडलेला.

जाळीची परंपरा शेटलंडपुरतीच नाही. रशियातल्या ओरेनबर्गच्या शाली बकरीच्या लवेच्या धाग्याच्या, अतिशय हलक्या. एस्टोनियातल्या हाप्सालूच्या शालींवर एकाच टाक्यात अनेक वेढे घेऊन उठवलेले टपोरे दाणे असतात. दोन्हींचा भर मुख्यतः एका रंगावर आणि नक्षीच्या बारकाईवर आहे. रंगांच्या बाबतीत शिकण्यासारखे सर्वाधिक शेटलंडच्या घरगुती शालीत सापडते.

हॅपच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे जी नक्षी विणली गेली तिचे नाव ‘ओल्ड शेल’. इंग्रजी पुस्तकांत तिला पुष्कळदा ‘पिसे आणि पंखा’ अशा अर्थाच्या नावानेही दाखवतात, पण काटेकोर शेटलंडकर त्या नावाची नक्षी वेगळी मानतात. ओल्ड शेलचे एक घर अठरा टाक्यांचे आणि चार ओळींचे आहे आणि या चारपैकी तीन ओळींत काहीच करायचे नसते. गोल विणताना क्रम असा. पहिली फेरी सगळी सुलट. दुसरी फेरी सगळी सुलट. तिसरी फेरी जाळीची : दोन टाके एकत्र सुलट, असे तीनदा, मग धाग्याचा वेढा आणि एक सुलट, असे सहादा, मग पुन्हा दोन टाके एकत्र सुलट, असे तीनदा. चौथी फेरी सगळी उलट. हिशेब तपासून पाहावा. सुरुवातीच्या सहा टाक्यांचे तीन झाले, मधल्या सहांचे बारा आणि शेवटच्या सहांचे तीन. एकूण पुन्हा अठरा. ही नक्षी तोंडपाठ व्हायला अर्धा तासही लागत नाही. काम करता करता, गप्पा मारता मारता विणता येईल अशीच ती घडली आहे.

तिसऱ्या फेरीत शेजारच्या घराचे तीन जोडटाके आपल्या घराच्या तीन जोडटाक्यांना येऊन भिडतात. एका ठिकाणी सलग सहा जोडटाके आणि दुसऱ्या ठिकाणी सलग सहा वेढे, अशी वाटणी होते. जोडटाक्यांपाशी कापड आवळते आणि वेढ्यांपाशी पंख्यासारखे उघडते. सरळ घातलेली ओळ त्यामुळे नागमोडी होते आणि खालच्या काठाला आपोआप कंगोरे पडतात. चौथ्या फेरीचे उलट टाके या लाटेवर एक उठावदार रेघ ओढतात.

रंगाच्या दृष्टीने सगळी गंमत इथे आहे. विणणारी सरळ पट्टे घालत जाते, कापडात लाटा दिसतात. सुईवर एका वेळी एकच रंग असूनही पाहणाऱ्याला रंग एकमेकांत घुसल्यासारखे वाटतात. जाळीची फेरी चारातून एकदाच येत असल्याने रंगाला पसरायला तीन साध्या फेऱ्या मिळतात आणि भोकांची रांग त्या रंगाला मधूनच हलके करते. ज्या नक्ष्यांत प्रत्येक ओळीला भोके असतात त्यांच्यात रंग घातले की गोंधळ होतो. ओल्ड शेलमध्ये रंग आणि भोक आळीपाळीने पुढे येतात. रंगीत जाळीला नक्षी निवडायची तर ही कसोटी लावावी : साध्या ओळी जास्त, भोकांच्या ओळी कमी, आणि एकूण चाल लाटेची किंवा नागमोडी. याच कसोटीवर उतरणाऱ्या नक्ष्या इतरही आहेत, पण सुरुवात ओल्ड शेलनेच करणे शहाणपणाचे.

रंग नेमका कोणत्या फेरीत बदलायचा, हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. नवा रंग उलट फेरीत सुरू केला तर प्रत्येक टाक्याखालचा जुन्या रंगाचा फास समोर येतो आणि दोन रंगांच्या सीमेवर तुटक ठिपक्यांची रेघ दिसते. मुद्दाम हवी असेल तर ती शोभते, नको असेल तर सगळे काम अस्वच्छ दिसते. पहिल्या, म्हणजे सुलट फेरीत रंग बदलला की सीमा स्वच्छ येते आणि तो फासांचा ठिपका मागच्या बाजूला जातो. गोल विणताना आणखी एक खोट येते. फेरी खरे तर वर्तुळ नसते, ती गुंडाळत वर चढत असते. त्यामुळे फेरीच्या सुरुवातीला आणि शेवटाला पट्टा एका ओळीने खाली-वर होतो. नव्या रंगाची पहिली फेरी विणून झाली की दुसरी फेरी सुरू करताना पहिल्या टाक्याच्या खालचा जुन्या रंगाचा टाका उजव्या बाजूने उचलून सुईवर घ्यावा आणि दोन्ही एकत्र विणावेत. पायरी नाहीशी होत नाही, पण नजरेत भरत नाही. शिवाय ती मानेच्या मागे जाते.

रंगनिवडीत हौशी विणकरणींचा घोटाळा बहुधा एकाच ठिकाणी होतो. त्या रंग पाहतात, रंगाचा गडदपणा पाहत नाहीत. लाल आणि हिरवा हे रंग कितीही वेगळे असले तरी दोघे सारख्याच गडदपणाचे असतील तर जाळीत ते एकमेकांना खाऊन टाकतात. मेंढीच्या नैसर्गिक छटांनी विणलेल्या जुन्या हॅप इतक्या देखण्या दिसतात याचे कारण त्यांत रंग जवळजवळ नाहीच, फक्त फिकट ते गडद अशी चढण आहे. निवडलेल्या गुंड्यांचे मोबाइलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहावे. त्यात चार गुंड्यांच्या चार वेगळ्या राखाडी छटा दिसल्या तर निवड जमली.

शेजार बदलला की रंगही बदलल्यासारखा दिसतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगविभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ च्या त्यांच्या ग्रंथात हे सविस्तर मांडले. गालिचा-पडद्यांतला काळा धागा फिका दिसतो अशी तक्रार त्यांच्याकडे येत असे आणि दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे, असे त्यांना आढळले. म्हणून राखाडीचा पट्टा लालशेजारी ठेवला की हिरवट वाटतो. गुंडे दुकानात सुटे सुटे पाहून भागत नाही, चार-चार फेऱ्यांचे पट्टे एकमेकांना लावून विणूनच पाहावे लागतात. पाच रंग पुरे. सहावा घ्यायचा मोह होतो, पण त्याने बहुधा काही साधत नाही.

एकाच गुंड्यात अनेक रंग असलेली लोकर हल्ली सहज मिळते आणि तिच्यावर उड्या पडतात. तिचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. दर बोटभर अंतरावर रंग बदलणारी लोकर गुंड्यात मोहक दिसते आणि जाळीत तिचे ठिपके होतात. शिवाय फेरीचा घेर आणि रंगांचा फेरा जुळून आला तर एकाच जागी एक रंग साचत जातो. जिच्यात एक रंग बऱ्याच मीटरपर्यंत चालतो आणि मग हळूच दुसऱ्यात उतरतो ती लोकर मात्र जाळीला उत्तम. जपानच्या नोरो कंपनीची लोकर या गुणासाठी ओळखली जाते. अशा लोकरीत पट्टे आपोआप पडतात, धागे जोडण्याची आणि टोके लपवण्याची कटकट राहत नाही.

गळपट्टा गोल असल्याचा पहिला फायदा असा की त्याला टोके नाहीत. मफलर सुटतो, लोंबतो, सायकलच्या चाकात जातो. गोल गळपट्टा डोक्यातून घातला की संपले. विणणाऱ्याचा फायदा असा की कापडाची सरळ बाजू सतत समोर राहते. मापे अशी धरावीत. मानेभोवती सैल बसायला घेर ६० ते ६५ सेंटिमीटर आणि उंची २५ सेंटिमीटरच्या आसपास. दोन वेढे द्यायचे असतील तर घेर दुप्पट आणि उंची थोडी कमी. ओल्ड शेलची अठरा टाक्यांची आठ घरे, म्हणजे १४४ टाके, हा सोयीचा आकडा आहे. धुऊन ताणल्यावर दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसत असतील तर घेर साधारण ६५ सेंटिमीटर येतो, २४ बसत असतील तर ६०. म्हणून आधी दोन घरांचा नमुना विणावा, धुवावा, ताणून वाळवावा आणि मगच मोजावा. सुईवरून नुकत्याच उतरलेल्या जाळीचे माप काहीही सांगत नाही.

१०० ग्रॅमला ४०० मीटर भरेल अशी लोकर आणि ४ मिलिमीटरची गोल सुई ही जोडी बहुतेकांना जमते. एवढ्या बारीक लोकरीचे मोजे किंवा स्वेटर यापेक्षा लहान सुईवर विणतात, पण जाळीला मोकळीक हवी असते. एका गळपट्ट्याला २०० मीटरच्या आसपास धागा लागतो. सुई ४० सेंटिमीटर लांबीची असली की टाके ताणले जात नाहीत.

लोकर कोणती, यावर मात्र थोडे थांबायला हवे. महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानांत ‘लोकर’ म्हणून जे मागितले आणि दिले जाते ते ॲक्रिलिक असते. ते स्वस्त, चमकदार, शेकडो रंगांत मिळणारे आणि बाळाच्या झबल्या-टोपड्याला ठीक. जाळीसाठी त्याची अडचण अशी की ते पाण्याने ताणून बसत नाही. वाफ देऊन बसवता येते, पण वाफ जरा जास्त झाली की धागा कायमचा लुळा पडतो आणि पूर्ववत होत नाही. खऱ्या लोकरीत मेरिनो मऊ आणि सहज मिळणारी. यंत्रात धुता यावी म्हणून प्रक्रिया केलेली मेरिनो ओली झाल्यावर अनपेक्षित वाढते, म्हणून तिचा नमुना धुऊन पाहणे अधिकच गरजेचे. शेटलंडची लोकर हाताला किंचित खरबरीत, पण तिचे तंतू एकमेकांना धरून राहतात. भोके स्पष्ट उमटतात आणि एखादा टाका सुटला तरी तो भराभरा खाली पळत नाही. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर, जिची धनगरी घोंगडी होते, ती जाड आणि राठ. पावसात ती पाठीवर हवी, पण गळ्याला टोचते. कोकण-मुंबईकडे लोकरच नको असेल तर सुती धागा घ्यावा. त्याला लोकरीची लवचीकता नसल्याने कंगोरे तितके कडक उभे राहत नाहीत, मात्र तो अंगावर छान पडतो. पुण्या-नाशिकच्या डिसेंबरातल्या सकाळींना तो पुरतो. टोरांटो-लंडनकडच्या मराठी घरांना मात्र लोकरीशिवाय गत्यंतर नाही.

टाके सैल घालावेत. काठाला कंगोरे पडायचे असतील तर काठ ताणला गेला पाहिजे आणि घट्ट घातलेले टाके तो ताणू देत नाहीत. एक नंबर मोठ्या सुईवर टाके घालून मग नेहमीच्या सुईवर विणायला घेणे हा साधा उपाय. फेरी जोडण्याआधी सगळे टाके सुईच्या एकाच बाजूला लटकत आहेत ना, हे दोनदा पाहावे. पीळ राहिला तर तो उसवल्याशिवाय निघत नाही. काही गळपट्टे मुद्दाम असा पीळ देऊन विणतात. गणितातल्या मोबियसच्या पट्टीचा हा प्रकार कॅट बोर्डी या अमेरिकन विणकरणीने २००४ च्या पुस्तकातून लोकप्रिय केला. पण त्यात कापडाची उलट बाजूही समोर येते, म्हणून ओल्ड शेलसारख्या सुलट-उलट वेगळे दिसणाऱ्या नक्षीला तो मानवतोच असे नाही.

प्रत्येक अठरा टाक्यांनंतर सुईवर खुणेची कडी अडकवावी. मग १४४ टाके कधीच मोजावे लागत नाहीत, अठराच मोजावे लागतात. जाळीतल्या दहापैकी नऊ चुका म्हणजे विसरलेला वेढा. घरात सतरा टाके भरले की समजावे, आणि पुढच्याच फेरीत ते कळले तर उसवायची गरज नसते. जिथे वेढा हवा होता तिथल्या दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईने उचलून टाका करावा. भोक थोडे लहान होते, धुतल्यावर ओळखू येत नाही. चूक चार फेऱ्यांनी लक्षात आली तर मात्र उसवणे आले आणि जाळीचे सुटे टाके पुन्हा सुईवर पकडणे हे मोठे जिकिरीचे काम, कारण वेढा सुटला की तो टाका उरतच नाही, नुसता धागा लोंबतो. यावर तोडगा म्हणजे जीवनदोरी. चार फेऱ्यांचे पाच-सहा चौक झाले की साध्या फेरीनंतर शिवणाच्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती धागा ओवून तो सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून काढून ठेवावा, कड्यांतून मात्र नाही. पुढे काही बिघडले तर निर्धास्त उसवावे, उसवण तिथे येऊन थांबते. क्रोशाचा पांढरा दोरा यासाठी चांगला, कारण त्याचा रंग जात नाही आणि त्याला लव नसते.

टाके बंद करतानाही सैलपणा हवा. दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणावेत, झालेला टाका डाव्या सुईवर परत ठेवावा आणि पुन्हा तेच करावे. या रीतीने बंद केलेला काठ भरपूर ताणतो. वरच्या काठाला फारसे कंगोरे येत नाहीत, कारण लाट खालून सुरू होते आणि वर ती बंद काठात थोडी दबते. शेवटच्या जाळीच्या फेरीनंतर लगेच टाके बंद केले तर ती दबत नाही.

सुयांवरून उतरलेला गळपट्टा पाहून पुष्कळांचा हिरमोड होतो. आकसलेला, चुरगळलेला, भोके मिटलेली. जाळी खरी तयार होते ती त्यानंतर. लोकरीचा तंतू प्रथिनाचा असतो आणि त्याच्या रेणूंना एकमेकांशी बांधणारे काही बंध पाण्याने सैल होतात. ओल्या अवस्थेत ताणून त्याच स्थितीत वाळू दिला की ते बंध नव्या जागी पक्के होतात. शेटलंडमध्ये शाली धुऊन लाकडी चौकटीवर दातेरी काठाचे एकेक टोक दोऱ्याने ओढून बांधून वाळवत. गळपट्ट्याला चौकट लागत नाही. कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण घालून त्यात तो वीस मिनिटे न चोळता बुडवून ठेवावा. गडद लाल किंवा निळा रंग असेल तर पाण्यात एक चमचा व्हिनेगर टाकणारे टाकतात, पण पक्क्या रंगाला त्याची गरज नाही आणि कच्च्याला त्याचा भरवसा नाही. रंग जातो की नाही हे विणण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून पाहिलेले बरे. बाहेर काढताना हाताने आधार देऊन उचलावा, पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावा. मग आत एक टॉवेलची वळकटी घालून सपाट ठेवावा, म्हणजे बाजूंना घडी पडणार नाही. खालच्या काठाचे प्रत्येक कंगोऱ्याचे टोक टाचणीने बाहेर ओढावे. आठ घरांचे आठ कंगोरे, टाचण्या गंज न धरणाऱ्या. पूर्ण वाळायला पावसाळी हवेत दोन दिवस लागतात. ओलसर असतानाच टाचण्या काढल्या तर सगळी मेहनत आखडून परत जाते.

ताणलेली लोकर पुन्हा भिजली की आपल्या मूळ आकाराकडे वळते. म्हणून दर धुण्यानंतर हे काम परत करावे लागते. वर्षातून दोनदा पुरते, कारण लोकर मळ लवकर धरत नाही आणि रात्रभर वाऱ्यावर टाकली की तिचा वास जातो. कपाटात ठेवताना ती धुतलेलीच असावी. कसर लागते ती घामाच्या, तेलाच्या डागांवर आधी. हँगरला अडकवू नये, जाळी स्वतःच्या वजनाने लांबत जाते. सुती कापडात सैल घडी घालून ठेवावी आणि घडीची जागा दर काही महिन्यांनी बदलावी. विणून उरलेल्या प्रत्येक रंगाचा दोन-तीन मीटर धागा पिशवीत जपून ठेवला की कुठे टाका तुटला तर त्याच रंगाने तो सांधता येतो.